अधिक महिन्यातला मदरबोर्ड

जरा डोळे मिटून बघा हं. तुमच्या घरात, हॉलच्या खिडकीपाशी, टेबलावर एक काळं चकचकीत खोकं उभं आहे. आतलं सगळं दिसावं म्हणून त्याच्या एका बाजूला काच आहे. पण आत काही नाहीच. एक पंखा आहे, तो फिरत नाही. शीळफाट्याकडे नव्या इमारती दिसतात ना, बाहेरून रंग झालेला, गॅलऱ्यांना काचा बसलेल्या आणि राहायला कुणीच आलेलं नाही, तसं ते खोकं. आणि आता अशी कल्पना करा, की या खोक्याकडे बघत तुम्हाला अख्खी मे महिन्याची सुट्टी काढायची आहे. जमलं? मग रसिकाच्या जिवाची तुम्हाला थोडीफार कल्पना आली.

रसिका डोंबिवलीची, सातवी संपवून आठवीत चाललेली. तिची जिवाभावाची मैत्रीण योगिनी समोरच्याच दारात राहायची. दोघींनी मिळून योगिनीच्या संगणकावर, एका खेळात, ठोकळ्यावर ठोकळा ठेवून एक गाव वसवलं होतं. त्यात विहीर होती, शाळा होती, बोकडांचा गोठा होता आणि योगिनीच्या हट्टाखातर एक विमानतळही होता. मग योगिनीच्या बाबांची नाशिकला बदली झाली. सामानाबरोबर संगणक गेला आणि संगणकाबरोबर गावही गेलं. रसिकाकडे संगणक आला, की दोघी आपापल्या घरून त्याच गावात भेटणार होत्या. मात्र दोन्ही घरच्या बाबांची अट एकच होती: खेळ फक्त सुट्टीत. शाळेची घंटा वाजली की बंद.

म्हणून रोज संध्याकाळी आईच्या फोनवर नाशिकहून निरोप यायचा, "झाला का?"

आणि रसिका लिहायची, "नाही."

खरं तर काम अवघड नव्हतं. प्रोसेसर म्हणजे संगणकाचा मेंदू आणि मदरबोर्ड म्हणजे तो मेंदू जिच्यावर बसतो ती पाटी. कोणताही मेंदू कोणत्याही पाटीवर बसत नाही, एवढंच लक्षात ठेवायचं. रसिका ज्यांचा विचार करत होती त्यांत दोन पद्धती होत्या. जुन्या पद्धतीच्या प्रोसेसरला पोटाखाली केसासारखे बारीक पाय असतात आणि त्याच्या बोर्डावर ते पाय जाण्यापुरती बारीक भोकं. नव्या पद्धतीचं नेमकं उलट. प्रोसेसर खालून सपाट आणि काटे बोर्डावर. जुनी जोडी स्वस्त होती आणि ठोकळ्यांचं गाव चालवायला पुरून उरणारी होती. परीक्षा संपली त्याच दिवशी रसिकानं ती निवडून बाबांना सांगितली.

"जुनी पद्धत?" बाबांनी चष्मा वर केला. "म्हणजे आज घेणार आणि उद्या जुना होणार?"

"तो आजच जुना आहे, बाबा. म्हणून तर स्वस्त आहे."

"तसं नसतं गं. विचारून घेऊ या."

हे 'विचारून घेऊ या' घरात सगळ्यांना पाठ होतं. सुशांत, म्हणजे रसिकाचे बाबा, कढई घ्यायची तरी आधी ज्यांच्याकडे कढई आहे अशा सगळ्यांना गाठून विचारत. संगणकाबद्दल त्यांनी ऑफिसातल्या बाबुरावांना विचारलं. बाबुरावांनी नुकताच आपला जुना संगणक मोडीत काढला होता. त्यातली डिस्क आणि रॅमच्या दोन पट्ट्या त्यांनी प्रेमानं रुमालात बांधून दिल्या आणि वर सांगितलं, "सुशांत, घेशील तर नव्या पद्धतीचं घे. फ्यूचर-प्रूफ." जुन्या पट्ट्या आणि नवा सल्ला, दोन्ही फुकट मिळालं. बाबा खूश झाले.

भविष्यावर बाबांचा फार विश्वास. हे घरसुद्धा त्यांनी समोरून रुंद रस्ता होणार म्हणून घेतलं होतं. समोर अजून नाला होता.

एका शनिवारी ते कल्याणहून परतले तेव्हा त्यांच्या हातात पेढ्यांच्या पुड्याएवढं खोकं होतं.

"नव्या पद्धतीचा प्रोसेसर," ते म्हणाले. "ऑफर आजच संपत होती."

"आणि बोर्ड?" रसिकानं विचारलं.

"बोर्ड पुढच्या पगाराला. बोर्ड काय, कुठे पळून जातोय?"

"बाबा, जोडी एकदम घेतात."

"अगं, मी दुकानात भगवानशेठना विचारून आलोय."

आईनं, म्हणजे मेघनानं, तोवर खोकं उघडून देवापुढे ठेवलं होतं. हळद वाहिली, कुंकू वाहिलं, वर जास्वंदीचं फूल ठेवलं. घरात नवी वस्तू आली की हे व्हायचंच. मिक्सरचं झालं होतं, गिझरचं झालं होतं. प्रोसेसरच्या खोक्यावरच्या चकचकीत अक्षरांवर कुंकवाचं बोट उमटलं. त्या वेळी ते कुणाला खटकलं नाही.

यंदा अधिक महिना नेमका सुट्टीतच आला होता. साधारण तीन वर्षांनी वर्षात एक जास्तीचा महिना येतो हे तुम्हाला माहीत असेलच. या महिन्यात जावयाला घरी बोलावून, पाटावर बसवून वाण देतात. आणि वाण द्यायचं ते जाळीदार, भोकं असलेलं. अनारसे, बत्तासे, असं काहीतरी. रसिकाची आजी, म्हणजे आईची आई शालन, ठाण्यात खोपटला राहायची. तिचा मेघनाला फोन आला.

"अनारसे करतेच आहे गं. पण सोबत सुशांतरावांना काय देऊ? मागच्या खेपेला चांदीची निरांजनं दिली."

"ती शोकेसमध्ये आहेत, आई. या वेळी कामाचं दे काहीतरी. ते मदरबोर्ड शोधतायत."

"काय बोर्ड?"

"विनीतला सांग. त्याला कळेल."

विनीत म्हणजे रसिकाचा मामा. त्याला कळेल असं सगळ्यांनाच वाटायचं, आणि त्याचंही तेच मत होतं.

रविवारी खोपटला बाबांना पाटावर बसवलं. भोवती रांगोळी, समोर समई. आजीनं अनारशांचं ताट दिलं आणि मग खणात गुंडाळलेलं एक चपटं खोकं पुढे केलं.

"उघडा ना. विनीतबरोबर मी स्वतः गेलेले दुकानात. त्या पोरानं दोन तऱ्हेचे दाखवले. एकावर सगळे काटेच काटे. म्हटलं, अधिकात जावयाला काटे देऊ? दुसऱ्यावर बघते तर काय सुंदर जाळी. अनारशासारखी. म्हटलं, हाच बांध."

रसिकाच्या हातातला बत्तासा तसाच राहिला.

"आई, ते चंदेरी पिशवीत असू दे," मामा म्हणाला. "त्याला हात लावायचा नसतो."

"वाण कधी पिशवीत घालून देतात का?" आजीनं बोर्ड बाहेर काढून ताम्हणात ठेवला, चिमटीत कुंकू घेतलं आणि ज्या चौकोनात ती सुंदर जाळी होती, बरोबर तिच्यावर वाहिलं. रसिकानं हात पुढे केला होता. पण हात पोचायच्या आत कुंकू पोचलं.

"आवडलं ना, सुशांतराव?"

"बाबा, पण हा तर…" रसिकानं तोंड उघडलं. आईनं कोपर लावलं. घरी नवऱ्याला सुशांत म्हणणारी आई ठाण्यात आली की 'अहो' म्हणायची आणि कोपरांनी बोलायची.

बाबा हात जोडून म्हणाले, "अगदी हेच हवं होतं."

घरी आल्यावर त्यांनी आपला सपाट प्रोसेसर जाळीवर ठेवून पाहिला. मग फिरवून ठेवला. मग दुसऱ्या बाजूनं फिरवला. शेवटी म्हणाले, "जरासं दाबलं तर?"

"बाबा, त्याला पायच नाहीत. भोकात काय जाणार?"

बाबा खुर्चीत बसले.

"मेघना, वाण बदलून आणलं तर?"

"वाण बदलून?" आई स्वयंपाकघरातून बाहेर आली. "हो, आण ना. आणि माझ्या आईला काय सांगणार? जावयाला वाण पसंत पडलं नाही? तू तर हात जोडून 'हेच हवं होतं' म्हणालास."

"मग काय म्हणणार होतो? तू कोपर मारलंस."

"तुला नाही, रसिकाला मारलं."

"मी पाटावर बसलेलो. मला काय माहीत?"

उरला प्रोसेसर. दुसऱ्या दिवशी बाबा रसिकाला घेऊन कल्याणला गेले. भगवानशेठ गृहस्थ चांगला. त्यानं खोकं हातात घेतलं, उलटसुलट केलं आणि त्याचा अंगठा त्या कुंकवाच्या बोटावर थांबला.

"साहेब, ह्याची पूजा झालीय."

"थोडीशीच."

"नुसता बॉक्स उघडला असता तर मी काहीतरी केलं असतं. पण पूजा झालेला माल दुसऱ्या गिऱ्हाईकाला कसा देणार? ह्यावर तुमची लक्ष्मी बसलीय. घरी ठेवा. चांगला पीस आहे."

म्हणजे वाण परत जाईना आणि प्रोसेसर परत जाईना. बाबांना तिथे उभ्या उभ्या एकच वाट दिसली. आपल्या प्रोसेसरला बसेल असा, काट्यांचा बोर्ड घ्यायचा. रसिकानं त्यांचा शर्ट ओढला.

"बाबा, त्यापेक्षा आजीच्या जाळीत बसेल असा प्रोसेसर घेऊ. तो स्वस्त आहे."

"आणि हा नवा काय लोणच्याला घालू? एवढं भविष्य विकत घेऊन ठेवलंय ना."

काट्यांचा बोर्ड घेतला. बाबांनी तो घरी आणला तोच मुळी डोक्याच्या वर धरून. "ह्याला कुणीही काहीही लावायचं नाही," ते म्हणाले. "सीलसुद्धा मी सांगेन तेव्हा फोडायचं." आई म्हणाली, "फूल ठेवू का, लांबून?" बाबा नाही म्हणाले.

मग त्यांनी बाबुरावांच्या रॅमच्या पट्ट्या रुमालातून काढल्या आणि सील फोडण्याआधी, शहाण्यासारखं, खोक्यावरचं चित्र बघितलं. रसिकानंही बघितलं. पट्टीला मध्ये एक खाच असते. ती बोर्डावरच्या उंचवट्यावर बसावी लागते. बाबुरावांच्या पट्टीची खाच एकीकडे होती आणि नव्या बोर्डाचा उंचवटा दुसरीकडे. नव्या बोर्डाला नव्याच पट्ट्या लागत होत्या. त्यांचा भाव विचारायला बाबा पुन्हा कल्याणला गेले. भगवानशेठनं सांगितला. बाबा दुकानातल्या स्टुलावर बसले. भगवानशेठनं त्यांना पाणी दिलं.

आता घरात परिस्थिती अशी होती. जुन्या पद्धतीचा बोर्ड होता, त्याला चालणाऱ्या पट्ट्या होत्या, पण प्रोसेसर नव्हता. नव्या पद्धतीचा प्रोसेसर होता, बोर्ड होता, पण पट्ट्या नव्हत्या. आणि पगार संपला होता.

"एका घरात दोन संगणक," आई म्हणाली, "आणि पोरगी आपली पंख्याकडे बघत बसलीय."

रसिका पंख्याकडे बघत नव्हती. तिनं चित्रकलेचा मऊ कुंचला घेतला होता आणि आजीच्या जाळीतलं कुंकू भोकाभोकातून अलगद झटकत होती. त्याचा काही उपयोग आहे असं तिला वाटत नव्हतं. पण सुट्टी संपत आली होती आणि करण्यासारखं दुसरं काही उरलं नव्हतं. नाशिकहून कळलं होतं, की गावातला एक बोकड विमानतळावर गेला आहे आणि परत येत नाही. "तू आलीस की दोघी मिळून आणू," योगिनीनं लिहिलं होतं. त्याखाली, "झाला का?"

रसिकानं त्या दिवशी उत्तरच लिहिलं नाही.

आणि त्यात आजीचा फोन आला. शाळा सुरू होण्याच्या आदल्या रविवारी ती विनीतबरोबर डोंबिवलीला येणार होती. वाण कसं चालतंय ते बघायला.

बाबांनी घर डोक्यावर घेतलं. आजीचा बोर्ड खोक्यात काचेसमोर बसवला. पडदा, म्हणजे मॉनिटर, टेबलावर होताच. त्याची वायर त्यांनी खोक्याच्या मागून नेली, खिडकीच्या पडद्याआडून नेली आणि तिथे कपड्यांच्या बादलीवर ठेवलेल्या ऑफिसच्या लॅपटॉपला जोडली. लॅपटॉपवर समुद्राचा एक व्हिडिओ लावला.

"रसिका, तू फक्त कीबोर्डवर बोटं चालव."

"बाबा, आपण आजीला सांगून टाकू या ना."

"वाणाबद्दल? सासूबाईंना? बेटा, तू अजून लहान आहेस."

आजी आली. तिनं पाणी घेतलं, खुर्ची ओढून टेबलाजवळ बसली. पडद्यावर लाटा येत होत्या. रसिका मान खाली घालून बोटं चालवत होती. ती जोरात चालवली तरी लाट तेवढीच यायची आणि थांबवली तरी यायची.

"छान आहे हो," आजी म्हणाली. "आवाज नाही, काही नाही."

तेवढ्यात लाटा गेल्या आणि पडदा काळा झाला. लॅपटॉपवरचा व्हिडिओ संपला होता.

"बंद पडला की काय?" मामानं विचारलं.

"नाही, नाही. विचार करतोय," बाबा म्हणाले.

खिडकीच्या पडद्याआडून कपड्यांच्या बादलीनं एक बारीक 'टुंग' केलं आणि काळ्या पडद्यावर अक्षरं उमटली. बाबुरावांचा निरोप होता: "सुशांत, कसं चाललंय? माझ्या पट्ट्या बसल्या का?"

आजीनं चष्मा लावला. पण ती पडद्याकडे बघत नव्हती. खोक्याच्या काचेला नाक लावून ती आत बघत होती.

"सुशांतराव, माझी जाळी मोकळी कशी?"

"ती ना? ती… हवा खेळायला असते."

"मी दुकानात विचारून घेतलेलं. तो पोरगा बोलला, आजी, या भोकांत प्रोसेसरचे पाय बसतात. मग पाय कुठायत?"

मामानं छताकडे बघितलं. आईचं कोपर हललं, पण रसिका या वेळी लांब, कीबोर्डपाशी होती.

"आजी, तुझी जाळी छान आहे," रसिका म्हणाली. "पण तिच्यात बसेल असं आमच्याकडे काहीच नाही. बाबांनी आणलेल्या प्रोसेसरला काट्यांचा बोर्ड लागतो."

बाबांनी हळूच पडदा सरकवून बादली झाकली.

"आणि हे मला आज कळतंय," आजी म्हणाली. "मी निरांजनं दिली, तुम्ही बोललात, अगदी हेच हवं होतं. त्याआधी भिंतीवरचं घड्याळ दिलं, तेव्हाही हेच हवं होतं. हा बोर्ड दिला, तेव्हाही हेच. मी कशी ओळखायची हो, सुशांतराव, तुम्हाला काय हवंय ते?"

"तुमचं मन दुखावेल म्हणून…"

"आणि त्या पोरीचं? महिनाभर तिला रिकाम्या खोक्यासमोर बसवलंत."

बाबा रसिकाकडे बघत होते, आणि रसिका कीबोर्डकडे.

आजीनं थोडा विचार केला. मग म्हणाली, "दिलेलं वाण मी परत घेणार नाही. पण जावयानं ते आपल्या लेकीला दिलं, तर ते वाण राहत नाही. तिची वस्तू होते. मग ती त्याचं काहीही करेल."

"आई, असा नियम कुठाय?" मामानं विचारलं.

"आत्ता झाला. द्या, सुशांतराव."

बाबांनी खोक्यातून बोर्ड काढला आणि दोन्ही हातांनी रसिकाला दिला.

"आता बोल," आजी म्हणाली. "तुला काय हवंय?"

हा प्रश्न त्या सुट्टीत रसिकाला कुणीच विचारला नव्हता. बाबुरावांना विचारला होता, भगवानशेठना विचारला होता. रसिकाला उत्तर शोधावं लागलं नाही. परीक्षा संपली त्या दिवशी दिलेलंच उत्तर तिनं पुन्हा दिलं.

"हाच बोर्ड. आणि त्यात बसणारा जुन्या पद्धतीचा प्रोसेसर. काट्यांच्या बोर्डाचं सील फोडलेलं नाही, त्याची पूजाही झालेली नाही. तो परत घेऊन भगवानशेठ हा प्रोसेसर देतील."

"दाजी," मामा हळूच म्हणाला, "ही आधीपासून हेच बोलत होती?"

"हो," बाबा म्हणाले. "पण मला वाटलं, विचारून घेऊ."

मामा आणि रसिका कल्याणला गेले आणि आले. भगवानशेठनं सीलबंद बोर्ड चारही बाजूंनी तपासला, वास घेऊन पाहिला, उदबत्तीचा वास नाही अशी खात्री केली आणि मगच बदलून दिला. बाबांचा सपाट प्रोसेसर तेवढा घरी राहिला. आईनं तो शोकेसमध्ये, चांदीच्या निरांजनांच्या मध्ये ठेवला. बाबांचं भविष्य आता तिथून दिसायचं.

संध्याकाळ झाली होती. दुसऱ्या दिवशी शाळा होती. हातात उरली ती तेवढी एक संध्याकाळ.

रसिकानं बोर्ड टेबलावर आडवा ठेवला. प्रोसेसर दोन बोटांत धरला, कोपऱ्यातली खूण खुणेला जुळवली आणि जाळीवर टेकवला. दाबावं लागलंच नाही. पाय आपोआप भोकांत उतरले. तिनं बाजूची बारीक दांडी खाली केली. बाबुरावांच्या पट्ट्या टक् करून बसल्या. बाबांनी प्रोसेसरवरचा पंखा बसवून दिला, न विचारता. बोर्ड खोक्यात बसवला, डिस्क जोडली, वायरी जोडल्या. फक्त खोक्याची काच लावायची राहिली होती.

"थांबा," आजी म्हणाली.

तिनं पिशवीतून कुंकवाचा करंडा काढला, झाकण उघडलं आणि चिमूटभर कुंकू घेऊन हात बोर्डाकडे नेला.

बाबांनी डोळे मिटले. जावयानं सासूबाईंचा हात कसा धरायचा? आईनं मामाकडे बघितलं. मामानं छताकडे बघितलं. आजीचा हात खाली येत होता.

आणि रसिका पुढे वाकली. तिनं आपलं कपाळ नेमकं मध्ये आणलं.

"अगं, तुला नाही, याला लावतेय," आजी म्हणाली.

"वस्तू आता माझी आहे ना, आजी? मग मालकिणीला लाव."

आजीचा हात हवेत थांबला. तिनं नातीकडे बघितलं, मग त्या स्वच्छ जाळीच्या जागेकडे बघितलं, आणि ती सगळी चिमूट रसिकाच्या कपाळावर लावली. चांगलं मोठं, ठसठशीत.

कपाळावरचा एकही कण आत पडू नये म्हणून रसिकानं मान मागे टाकली. तशीच छताकडे बघत तिनं हातानं चाचपून बटण शोधलं आणि दाबलं. खोक्यातला पंखा फिरायला लागला. आईच्या फोनवर नाशिकचा निरोप वाजला, पण रसिकानं तो बघितला नाही. तिनं खुर्ची पुढे ओढली आणि ती बोकड शोधायला गावाकडे निघाली.